क्रिमिनल जस्टिसची पदवी : कर्ज किती काढावं आणि कुणाच्या नावावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणारं मराठी कुटुंब. वडील खासगी कंपनीत आयटीमध्ये, आई घरून हिशेबाची कामं घेते. मुलीची बारावी यंदा संपते आहे. तिला दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठात क्रिमिनल जस्टिसला, म्हणजे गुन्हे, पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांच्या अभ्यासाला, प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्ती वजा जाता वर्षाला ३२,००० डॉलर भरायचे आहेत. घरातून ८,००० निघतात, उरलेले २४,००० दरवर्षी कर्ज. आई विचारते, ‘ताई, तुम्ही याच क्षेत्रात आहात म्हणून विचारते. तिच्या डोक्यात आधी प्रोबेशन आणि मग एफबीआय असं आहे. हे कर्ज फिटेल का? की तिला दुसरा विषय घ्यायला सांगू?’ आणि शेवटी एक ओळ : नाशिकचा भाचा याच विषयात एमएस करायला अमेरिकेत यायचं म्हणतोय, त्याचंही सांगा.

उत्तर आधी देते, हिशेब नंतर मांडते. मुलीला विषय बदलायला लावू नका. हे कर्ज मात्र काढू नका.

मी इलिनॉयमधल्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, एकवीस वर्षं प्रोबेशन ऑफिसर आहे. आपल्याकडे याला परिवीक्षा अधिकारी म्हणतात. शिक्षा झालेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता अटींवर बाहेर ठेवायचं, आणि तो त्या अटी पाळतो की नाही ते बघायचं, हे आमचं काम. गेली काही वर्षं नवीन माणसं घेताना मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी असते, म्हणून पुढचं सगळं जरा ठामपणे सांगते आहे.

आमच्या खोलीत तीन टेबलं आहेत. एक माझं. मी साताऱ्याहून बीए करून आले आणि इथे आल्यावर संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पुन्हा पदवी घेतली. दुसऱ्या टेबलावरचा मुलगा दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्वस्त स्थानिक सरकारी कॉलेजात, आणि दोन वर्षं राज्याच्या विद्यापीठात शिकला. विषय मानसशास्त्र. तिसऱ्या टेबलावरची मुलगी एका महागड्या खासगी कॉलेजातून क्रिमिनल जस्टिस करून आली, आणि तिच्या डोक्यावर नव्वद हजारांहून जास्त कर्ज आहे. ती दोघं एकाच वर्षी लागली. दोघांचा पगार एक, श्रेणी एक, वाढ होते तीही एकाच तारखेला आणि एकाच टक्क्याने, कारण ती युनियनच्या करारात लिहिलेली असते. फरक कुठे दिसतो? डबा खाताना. तो घर घ्यायचं बघतोय आणि ती शनिवार-रविवार दुकानात काम करते.

या क्षेत्रातली गोम हीच आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. आयटीत किंवा बँकेत कॉलेजचं नाव पहिल्या पगारावर परिणाम करतं. तिथे पगार कंपनी ठरवते, आणि चांगल्या नावाला जास्त पैसे मोजणारी कंपनी सापडते. आमच्याकडे पगार पदाला चिकटलेला असतो. पोलीस, प्रोबेशन, तुरुंग, कोर्टातले कर्मचारी, सगळे कुठल्या ना कुठल्या सरकारी तक्त्यावर बसलेले. त्या तक्त्यात ‘कॉलेज कुठलं’ असा रकानाच नाही. तुम्ही महाराष्ट्रातून आला आहात, म्हणजे हे तुम्हाला पटकन कळेल. एमपीएससीतून पीएसआय व्हायला कोणतीही पदवी चालते, आणि पीएसआय झाल्यावर कोणी विचारत नाही की बीए साताऱ्याचं की फर्ग्युसनचं. इथेही जवळजवळ तसंच.

तो विषयच हवा असतो, असंही नाही. इलिनॉयमध्ये प्रोबेशन ऑफिसर व्हायला पदवी लागते, पण ती क्रिमिनल जस्टिसचीच पाहिजे अशी सक्ती नाही. पोलिसात तर बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची पदवीही लागत नाही. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याला २०२५ पर्यंत कॉलेजचे ६० क्रेडिट, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अभ्यास, लागायचे. माणसं मिळेनात म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी ही अट २४ क्रेडिटवर आणली. पोलीस अकादमीचं एक मराठी घरांत सहसा माहीत नसतं : साधारणपणे आधी खातं तुम्हाला नोकरीवर घेतं, मग अकादमीत पाठवतं, आणि तिथे शिकत असताना पगार देतं. म्हणजे खरं पोलिसी शिक्षण फुकट आहे, उलट त्याचे पैसे मिळतात. कॉलेजात शिकवतात तो आजूबाजूचा विचार, म्हणजे कायदा, समाजशास्त्र, गुन्हेगारीची कारणं, आकडेवारी. तो विचार मला महत्त्वाचा वाटतो, मी स्वतः संध्याकाळी एक वर्ग शिकवते. पण ते नोकरीचं तिकीट नव्हे.

मग इतक्या कॉलेजांत हा विषय कसा? त्याला इतिहास आहे. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या गुन्हेविषयक आयोगाने म्हटलं की पोलिसांनी कॉलेज शिकलेलं असावं. १९६८ च्या कायद्याने त्यासाठी केंद्राचा पैसा आला, नोकरीतल्या पोलिसांची फी सरकार भरू लागलं, आणि जिथे पैसा तिथे वर्ग. ते अनुदान पुढे आटलं, वर्ग राहिले. कॉलेजच्या बाजूने बघितलं तर हा विषय स्वस्त आहे. प्रयोगशाळा नको, यंत्रं नकोत, एक फळा आणि माझ्यासारखी संध्याकाळी येणारी अर्धवेळ बाई पुरते. फी मात्र इंजिनिअरिंगच्या शेजारच्या खुर्चीइतकीच.

आता पगार. केंद्राच्या कामगार सांख्यिकी खात्याचे मे २०२४ चे आकडे आहेत, मध्यावरचे, म्हणजे अर्ध्या लोकांना याहून जास्त आणि अर्ध्यांना कमी. पोलीस आणि डिटेक्टिव्ह ७७,००० च्या थोडं वर, प्रोबेशन ऑफिसर साधारण ६४,५००, तुरुंगातले अधिकारी ५८,००० च्या आसपास. ऐकायला बरे वाटतात. पण हे पंधरा-वीस वर्षं काढलेल्यांना धरून आहेत, आणि कॅलिफोर्नियासारखी भरपूर पगार देणारी राज्यंही त्यात आली. आमच्याकडे नवीन प्रोबेशन ऑफिसर ५०,००० च्या अलीकडे-पलीकडे सुरू होतो. त्यातून केंद्राचा कर, राज्याचा ४.९५ टक्के, सोशल सिक्युरिटी, पेन्शनचे ४.५ टक्के, आरोग्यविमा हे गेलं की हातात महिन्याला ३,००० येतात. थोडे वर, थोडे खाली. हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरचा नको.

आता तुमचं कर्ज. वर्षाला २४,००० म्हणजे चार वर्षांत ९६,०००. यातलं केंद्राचं कर्ज मुलीच्या स्वतःच्या नावावर किती मिळतं? पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००. एकूण २७,०००, त्याहून एक डॉलर जास्त नाही. उरलेले ६९,००० येणार कुठून? पेरेंट प्लसमधून, म्हणजे केंद्र सरकार आईवडिलांना त्यांच्याच नावावर देतं त्या कर्जातून. विद्यापीठाच्या पत्रात ते ‘मदत’ या मथळ्याखाली शिष्यवृत्तीच्या शेजारी छापलेलं असेल. मला या पत्रांचा राग येतो तो याच कारणाने. कर्जाला मदत म्हणणारा सावकार आपल्या गावाकडेही कोणी पाहिला नसेल.

पेरेंट प्लसचा दर २०२५-२६ साठी ८.९४ टक्के आहे आणि रक्कम हातात पडण्याआधी चार टक्क्यांहून जास्त फी कापली जाते. मुलगी ऑगस्टमध्ये सुरू करेल तेव्हाचा दर यंदाच्या मे महिन्यातल्या सरकारी रोख्यांच्या लिलावावरून ठरेल. नऊ धरून चाला. ६९,००० नऊ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ८७५ च्या आसपास. मुलीच्या २७,००० चा हप्ता साडेसहा टक्क्यांनी ३०५. दोन्ही मिळून १,१८०. कॉलेजच्या चार वर्षांत चढलेलं व्याज आणि ती कापलेली फी यात धरलेली नाही. हातात ३,००० येणाऱ्या मुलीने १,१८० हप्त्यात दिले तर उरतात १,८२०, आणि शिकागोच्या आसपास एका खोलीच्या घराचं भाडं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. मुदत वीस वर्षांची घेतली तर तुमचा हप्ता ६२० वर येतो खरा, पण ६९,००० चे फेडून होतात जवळजवळ दीड लाख.

इथे तुम्ही म्हणाल, ‘पण सरकारी नोकरीत कर्ज माफ होतं ना?’ हे मी गणपतीत, हळदीकुंकवाला, किराणा दुकानाच्या रांगेत ऐकलंय. अर्धं खरं आहे, आणि जे अर्धं खोटं ते नेमकं तुमच्यासारख्यांना लागू पडतं, म्हणून इथे जरा थांबते.

२००७ च्या कायद्याने पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस आली. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० पात्र हप्ते भरले की केंद्राच्या कर्जाची उरलेली रक्कम माफ. प्रोबेशन, पोलीस, तुरुंग सगळं यात बसतं. माझ्या सहकाऱ्यांना ती मिळाली आहे, कागदपत्रांचा छळ सोसून का होईना. पण तीन गोष्टी बघा. एक, माफी फक्त केंद्राच्या कर्जाला. खासगी बँकेचं कर्ज यात येत नाही. दोन, पेरेंट प्लस हे कर्ज आईवडिलांचं, त्यामुळे नोकरी कोणाची बघतात? आईवडिलांची. मुलगी आयुष्यभर काउंटीत राबली तरी तुमचे ६९,००० माफ होणार नाहीत, कारण तुम्ही खासगी कंपनीत आहात. कायद्याने मुलीवर त्या कर्जाची जबाबदारीही नाही. आपल्या घरांत ‘ती फेडेल की’ असं ठरतं. तो तुमच्या घरातला करार झाला, सरकारदरबारी तुम्हीच कर्जदार. तीन, मुलीच्या नावावरच्या २७,००० ना माफी लागू होते, पण रक्कम इतकी लहान आहे की नेहमीच्या दहा वर्षांच्या हप्त्यांनी ती फिटूनच जाते. माफ व्हायला उरतं काय? थोडक्यात, जे कर्ज माफ होऊ शकतं ते लहान आहे, आणि जे मोठं आहे ते माफ होत नाही.

त्यात जुलै २०२५ च्या कायद्याने नियम बदलले आणि त्यातले बरेचसे १ जुलै २०२६ पासून लागू होतात, म्हणजे तुमची मुलगी पहिल्याच तुकडीत. पेरेंट प्लसला आता मर्यादा आहे : एका मुलासाठी वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. तुमची गरज ६९,००० ची आहे. म्हणजे चौथ्या वर्षी ४,००० कमी पडणार आणि ते खासगी बँकेकडून, बहुधा तुमच्या सहीने. फी वाढली, आणि ती वाढतेच, तर जास्त कमी पडणार. शिवाय आईवडिलांच्या नव्या कर्जाला उत्पन्नावर बेतलेला हप्ता मिळत नाही. मुलीच्या स्वतःच्या कर्जाला मिळतो. नव्या रिपेमेंट असिस्टन्स प्लॅनमध्ये ४० ते ५० हजारांच्या उत्पन्नावर ४ टक्के, ५० ते ६० हजारांवर ५ टक्के असे टप्पे आहेत. म्हणजे ४८,००० उत्पन्नावर महिन्याला १६० डॉलर. कर्ज नेमकं कोणाच्या नावावर आहे यावर किती फरक पडतो ते यातून दिसेल.

आणखी एक गोष्ट, जी प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही. या क्षेत्रात घेण्याआधी पार्श्वभूमी तपासतात, आणि त्यात पैशाचे व्यवहारही येतात. कर्जात बुडालेला माणूस लाचेला लवकर वाकतो, असा त्यामागचा विचार. अन्याय्य वाटेल, पण आहे. एफबीआयमध्ये सरकारी हमीचं विद्यार्थी कर्ज थकवलेलं असलं की अर्ज तिथेच संपतो. मुलाखतीला आलेल्या एका मुलाचं सगळं छान होतं, आणि तपासणीत दोन थकलेली कर्जं निघाली. नोकरी मिळाली तर फेडीन, म्हणत होता. फेडलं नाही म्हणून नोकरी मिळेना. एफबीआयचं स्वप्न असेल तर कर्ज कमी ठेवणं हा त्या तयारीचाच भाग समजा.

कर्ज आणि पदवीचा सगळ्यात वाईट मेळ काय असतो ते आमच्या भागाने बघितलंय. वेस्टवुड नावाचं नफ्यासाठी चालवलेलं कॉलेज होतं, शिकागोच्या आसपास त्यांच्या शाखा होत्या. क्रिमिनल जस्टिसच्या पदवीला सत्तर हजार डॉलरच्या पुढे घ्यायचे. जाहिरातीत पोलीस, एफबीआय सगळं. पण त्यांची मान्यता अशी होती की अनेक पोलीस खाती ती पदवी धरतच नसत. २०१२ मध्ये इलिनॉयच्या अॅटर्नी जनरलनी त्यांच्यावर खटला भरला. २०१५ च्या तडजोडीत इथल्या क्रिमिनल जस्टिसच्या विद्यार्थ्यांची दीड कोटी डॉलरची खासगी कर्जं सोडावी लागली, २०१६ मध्ये कॉलेज बंद पडलं, आणि २०२२ मध्ये केंद्राने देशभरातल्या ७९,००० जणांचं दीड अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. जवळपास त्याच काळात मिनेसोटात ग्लोब युनिव्हर्सिटी आणि मिनेसोटा स्कूल ऑफ बिझनेस या जोडीवर तसाच खटला चालला. तिथे तर पोलीस व्हायचं असेल तर राज्याच्या मंडळाने मान्य केलेलाच अभ्यासक्रम लागतो, आणि यांचा तो नव्हता. २०१६ मध्ये न्यायालयाने फसवणूक झाल्याचा निकाल दिला. माफी मिळाली, पण वेस्टवुडमधून बाहेर पडलेल्या मुलाने विशीत घर नाही घेतलं, लग्न लांबवलं, ती वर्षं कोणी परत केली नाहीत.

तुमच्या मुलीचं विद्यापीठ तसं नाही, हे मला कळतं. चांगलं असेल. तरी फोन करून दोन गोष्टी विचारा : मान्यता कुठली, आणि गेल्या तीन वर्षांत या विषयाची किती मुलं प्रोबेशन, पोलीस किंवा कोर्टात लागली. ‘आमचे विद्यार्थी सर्व क्षेत्रांत चमकतात’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ त्यांनी मोजलेलं नाही. केंद्राच्या कॉलेज स्कोअरकार्डवरही बघा, तिथे कॉलेजनुसार आणि विषयानुसार पदवीनंतरची कमाई आणि कर्ज मिळतं. वाचताना इतकं धरा की ती कमाई त्या विषयाच्या सगळ्यांची असते, त्यात मॉलमध्ये सुरक्षारक्षक झालेलेही आले आणि शहर पोलिसांत गेलेलेही. म्हणून एकच आकडा बघू नका. इलिनॉयच्या दोन-तीन सरकारी विद्यापीठांचा याच विषयाचा आकडा शेजारी ठेवा. कमाई जवळजवळ सारखी आणि कर्ज तिप्पट असं दिसलं, आणि बहुधा दिसेलच, तर जास्तीच्या पैशात काय विकत घेताय ते मुलीलाच विचारा. ती सतरा वर्षांची आहे, तिला गणित येतं.

मग करायचं काय? मी माझ्या भाचीला जे सांगितलं तेच सांगते. दोन वर्षं घरी राहून कम्युनिटी कॉलेज. आपल्या भागात कॉलेज ऑफ ड्युपेज आहे. जिल्ह्यातल्या लोकांना क्रेडिटमागे दीडशे डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे वर्षाची फी साधारण साडेचार हजार. तुमच्या ८,००० मध्ये ती आरामात बसते आणि काही पैसे उरतात. त्याच आवारात उपनगरांतल्या पोलिसांची अकादमीही आहे, म्हणजे ज्यांच्यात पुढे काम करायचं ती माणसं मुलीला पहिल्या वर्षापासून दिसतील. इलिनॉयमध्ये कॉलेजांचा आपसात करार आहे, त्यात क्रिमिनल जस्टिसचे ठरावीक विषय दुसऱ्या विद्यापीठात जसेच्या तसे धरले जातात. कुठले विषय धरतात ते पहिल्याच सत्रात समुपदेशकाकडून लिहून घ्या, तोंडी नको. मग शेवटची दोन वर्षं राज्याच्या विद्यापीठात. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात गुन्हेशास्त्र, कायदा आणि न्याय असा स्वतंत्र विभाग आहे, आणि तिथे घरून रेल्वेने जाता येतं. या दोन वर्षांत कर्ज लागलं तर ७,५०० अधिक ७,५००, एकूण १५,०००, सगळं मुलीच्या नावावर. हप्ता दहा वर्षांसाठी १७० डॉलर. ३,००० मधून १७० जाणं आणि १,१८० जाणं, या दोन वेगळ्या तरुणपणाच्या गोष्टी आहेत.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तरी तो त्यात आहे. मंडळात बाकीच्यांची मुलं पर्ड्यूला नाही तर मिशिगनला, आणि आपली कम्युनिटी कॉलेजात. मला माहितीय. माझ्या सासूबाईंनी मी त्याच कॉलेजात जाते हे नातेवाइकांना दोन वर्षं सांगितलं नव्हतं. पदवीच्या कागदावर मात्र शेवटच्या विद्यापीठाचंच नाव येतं, आणि माझ्या टेबलावर अर्ज येतो तेव्हा मी पहिली दोन वर्षं कुठे काढली ते बघतसुद्धा नाही.

मी काय बघते ते सांगते, कारण पैशापेक्षा तिथे तिची मेहनत कामी येईल. इंटर्नशिप केली आहे का, कोर्टात, आश्रयगृहात, व्यसनमुक्ती केंद्रात, कुठेही. लिहिता येतं का. आमचं अर्धं काम न्यायाधीशाला अहवाल लिहिणं आहे, आणि चार वर्षं गुन्हेशास्त्र शिकलेल्या मुलांना सरळ वाक्य लिहिता येत नाही हे मी रोज बघते. स्पॅनिश येतं का. आमच्याकडे दुभाषी अधिकाऱ्यांना पगारात थोडी भर मिळते, आणि मिळाली नसती तरी काम सोपं होतं. मराठी-हिंदी येणाऱ्या मुलीला तिसरी भाषा जड जात नाही. विषय म्हणून क्रिमिनल जस्टिस घेतला तर त्याच्या जोडीला मानसशास्त्र, समाजकार्य, हिशेबशास्त्र किंवा संगणक घ्यावा. एफबीआयला एजंट हवेत ते हिशेब जाणणारे, कायदा जाणणारे, संगणकवाले, भाषावाले. तिथे वयाची २३ वर्षं पूर्ण लागतात, आणि सर्वसाधारणपणे आधी दोन वर्षं कुठेतरी पूर्णवेळ काम केलेलं. म्हणजे कॉलेजातून थेट तिथे जाणं नाहीच, मधे प्रोबेशनची दोन-तीन वर्षं तिच्या योजनेत आपोआप बसतात. पोरीचा विचार चुकीचा नाही. किंमत चुकीची आहे.

पुढे पदव्युत्तर करायचं झालं तर आधी नोकरीला लागावं आणि खातं किती फी भरतं ते बघावं. बरीच खाती थोडीफार भरतात. शिक्षणाने पगार वाढवणारी ठिकाणंही होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७० च्या कायद्याने पोलिसाला पदवीसाठी २० टक्के आणि पदव्युत्तरसाठी २५ टक्के जास्त मिळायचे. २००९ नंतर लागलेल्यांना ते नाही. सरकारने दिलेलं सरकार काढून घेतं, म्हणून अशा वाढीच्या भरवशावर आधीच कर्ज काढू नये.

वकील व्हायचं तिच्या मनात आलं, तर ती गोष्ट निराळी. तिथे कर्ज मोठं असतं, तिच्याच नावावर असतं, आणि सरकारी वकिलाची किंवा गरिबांसाठी लढणाऱ्या पब्लिक डिफेंडरची नोकरी धरली तर मघाची माफी खरोखर उपयोगी पडते. ते होण्याआधी पदवीपर्यंतचं कर्ज जितकं कमी तितकं बरं.

आता नाशिकचा भाचा. त्याला सांगा, थांब. एमएस क्रिमिनल जस्टिसला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला केंद्राचं कर्ज मिळत नाही. ज्या नोकऱ्यांसाठी ही पदवी आहे त्या बहुतेक सरकारी, आणि एफबीआयसारख्या केंद्राच्या खात्यांत नागरिकत्व लागतं. इलिनॉयने २०२४ पासून नागरिक नसलेल्यांना पोलीस व्हायची वाट उघडली, पण त्यांनाही कायद्याने बंदूक बाळगता आली पाहिजे, आणि विद्यार्थी व्हिसावर ते सहसा जमत नाही. शिक्षण संपल्यावर काम करायला मिळतात बारा महिने. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना मिळणारी चोवीस महिन्यांची वाढ साध्या क्रिमिनल जस्टिसला लागू नाही. न्यायवैद्यक विज्ञान आणि सायबर फॉरेन्सिक्स त्या यादीत आहेत. म्हणजे रुपयांत काढलेलं चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज, आणि ते फेडायला डॉलरमधलं एक वर्ष. त्याला खरंच या कामाची ओढ असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला न्यायसहायक विज्ञानाच्या सरकारी संस्था आहेत, आणि मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे. टाटा संस्थेतली मुलं तुरुंगात, पोलीस ठाण्यांत प्रत्यक्ष काम करत शिकतात. तिकडच्या नव्या फौजदारी कायद्यात, १ जुलै २०२४ पासून, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेण्याची तरतूद आली आहे आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. माणसं तिकडे लागणार आहेत.

तुमच्या हातात १ मेपर्यंत वेळ आहे, त्या दिवसाच्या आत विद्यापीठाला अनामत भरायची असते. त्याआधी मुलीला घेऊन एक दिवस आमच्या कोर्टात या. सोमवारी सकाळी या, तेव्हा प्रोबेशन मोडलेल्यांच्या सुनावण्या असतात. दोन तास मागच्या बाकावर बसा, मग कॅन्टीनमध्ये तिची गाठ तिसऱ्या टेबलावरच्या मुलीशी घालून देते. ती स्वतःहून तयार आहे. तिचा महिन्याचा हप्ता किती, हे तीच सांगेल.